चहा निवायच्या आत

मी बाजारभाव वाचत होते. नेवाशाचा कांदा वाचून झाला होता, श्रीरामपूरच्या सोयाबीनवर आले होते, आणि काचेपलीकडे आमचे केंद्रप्रमुख पठारे सर येऊन उभे राहिले. एरवी सर काचेपाशी आले की हातवारे सुरू होतात... आवर, वेळ झाली, जाहिरात राहिली. त्या सकाळी ते नुसते उभे होते. मी गाणं लावून बाहेर आले. "भास्कर गेला," सर म्हणाले. "पहाटे, गावी, घरीच. छातीत दुखतंय म्हणाला आणि..." मला काही सुचायच्या आत गाणं संपलं आणि कॉम्प्युटरनं ठरल्याप्रमाणे पुढचा तुकडा वाजवला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, त्यांच्यामागून माझं खळखळून हसणं आणि "ऐकताय ना? आपलंच रेडिओ केंद्र!" हे सगळ्या इमारतीत घुमलं. तो तुकडा भास्करकाकांनीच केलेला होता. मला माझ्याच हसण्याचा इतका राग आला की आत जाऊन मी स्पीकरचा आवाज बंद करून टाकला.

तुकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ऐकणारा त्याला कधी मोजत नाही. दोन गाण्यांच्या किंवा दोन कार्यक्रमांच्या मध्ये पाच-दहा सेकंदांचं जे काही वाजतं, ज्यात केंद्राचं नाव असतं, ते. नगरच्या वेशीबाहेर दोन खोल्यांत चालणारं आमचं छोटंसं रेडिओ केंद्र. त्याचे हे सगळे तुकडे गेली अकरा वर्षं एकटे भास्करकाका करत होते. आणि करायचे कसे? समोर चहाचा कप ठेवायचा, त्यावर बशी झाकायची, आणि चहा निवायच्या आत तुकडा तयार! निवला तर तो तुकडा रद्द, चहा बेसिनमध्ये, दोन्ही पुन्हा पहिल्यापासून. सरांनी मला सांगितलं, भास्करसाठी एक तुकडा कर, तेराव्याच्या दिवशी वाजवू. तेरावा झाला, माझा तुकडा झाला नाही. मग सर म्हणाले, केंद्राच्या वाढदिवसाला सकाळी सहा वाजता प्रसारण सुरू होताना पहिला तुकडा भास्करचा वाजला पाहिजे, त्याशिवाय वाढदिवस नाही. काका जे वीस मिनिटांत करायचे, ते मला पाच आठवडे जमत नव्हतं. किती चहा निवले, त्याला गणती नाही.

मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा बातम्या वाचण्याचा कोर्स करून आले होते, त्यामुळे आवाजाला इस्त्री केलेली होती. माझं पहिलं रेकॉर्डिंग काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ताई, तुमी कांद्याचा भाव सांगताय का तेराव्याचं बोलावनं?" मी अशी तापले! श्रीरामपूरच्या कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेली बाई मी. बनियनवर उघड्या बटणांचा शर्ट घालून बसलेला हा माणूस मला बोलायला शिकवणार? मग कळलं की रेडिओत यायच्या आधी पंचवीस वर्षं ते भोंगा लावलेला टेम्पो चालवत होते. बैलबाजार, कुस्त्यांचे फड, साड्यांचे सेल, जत्रेत हरवलेली मुलं... सगळं त्यांनी गावोगाव ओरडून सांगितलं होतं. "टेम्पो एका दारापुढनं जायाला किती येळ लागतो? धा सेकंद," ते म्हणाले. "धा सेकंदात बाई हातातलं काम टाकून दारात आली पायजे. न्हाई आली, तर आपन नुसता धुरळा उडवला. आता सांगा कांद्याचा भाव. दारातल्या बाईला सांगा." मी चिडूनच सांगितला, आणि तो त्यांनी लगेच रेकॉर्ड करून घेतला. माझा आवाज म्हणून आज लोक जो ओळखतात तो त्या चिडण्यातून आलेला आहे.

आवाजांच्या बाबतीत हा माणूस भयंकर हट्टी. कॉम्प्युटरमध्ये हजारो तयार आवाज पडलेले, पण त्यांना एकही चालायचा नाही. एकदा मी घाईत आगगाडीची एक तयार शिटी लावली, तर म्हणाले, "ही आपली गाडी न्हाई. ही कुठली तरी इलायतची हाय. आपली गाडी ठेसनात शिरताना आदी खाकरती, मंग वरडती." आणि खरंच दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीनं श्रीरामपूरला गेले. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघं, त्यांच्या हातात माईक, आणि वारा लागू नये म्हणून माईकच्या डोक्यात नातीचं लोकरीचं टोपरं! लोक वळून वळून बघत होते. एका आजीबाईंनी तर विचारलं, "काय वो, बाळ हाय का त्यात?" काकांनी त्यांचा तो प्रश्नही रेकॉर्ड केला आणि बालसंगोपनाच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावला. हिवरे बाजारला दूध घालायला आलेल्या माणसांच्या किटल्यांची झाकणं त्यांनी अशी काही रचली की आमच्या दूधवाल्या कार्यक्रमाला ताशासारखा ठेका मिळाला. गाडी पंक्चर झाली तरी ते आधी माईक काढायचे, मग जॅक. मला त्या दिवसांत सकाळी उठून कामावर जायची घाई असायची, आणि हे वाक्य मी कुठल्याही नोकरीबद्दल याआधी म्हटलेलं नाही.

पण काकांचं खरं रूप मी पाहिलं ते भोंग्याच्या वेळी. गळीत हंगाम सुरू होता. सकाळी साडेसहाच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी एका साखर कारखान्याच्या पाळीचा भोंगा रेकॉर्ड करून आणला. असा जबरदस्त की ऐकताना काटा यायचा. पहिल्या दिवशी वाजवला आणि अर्ध्या तासात केंद्राचा फोन ठणाणा करायला लागला. झालं होतं असं, की कारखान्याच्या वसाहतीत, चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत सगळीकडे आमचंच केंद्र मोठ्यानं लावलेलं. खरा भोंगा व्हायचा सातला, आणि आमचा झाला साडेसहाला. लोकांनी अर्धे चहा टाकले, सायकली काढल्या आणि पाळीची सगळी माणसं अर्धा तास आधी गेटवर हजर! वॉचमन कुलूप हातात धरून उभा, घड्याळात अजून सातही नाहीत, समोर शेदोनशे माणसं. कारखान्याचे साहेब फोनवर पठारे सरांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सरांनी कपाळाला हात लावला. आणि भास्करकाका? त्यांचा चेहरा असा उजळलेला, जसं काही पोरगं पास झालंय. "म्हंजे आवाज बरूबर आला!"

सर म्हणाले, तुकडा आत्ताच्या आत्ता बंद. काका म्हणाले, "बंद कशापायी? दुरुस्त करतो." पाळी सुटायच्या वेळेला मोटारसायकलवर माईक घेऊन गेले ते थेट गेटवर. फसलेली माणसं बाहेर पडताना अजून एकमेकांना शिव्या घालत होती. काकांनी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली आणि मग म्हणाले, येक डाव पुन्ना फसून दावा. गंमत म्हणजे लोकांनी दाखवलं! परत आले, चहा मागवला, बशी झाकली. मी शेजारी उभी राहून बघत होते. भोंगा घेतला, तीन सेकंदांवर कचकन कापला, आणि त्याच्यावर गेटवरच्या एका दांडग्या माणसाची आरोळी टाकली: "आरं बसा खाली, रेडिओचा हाय!" त्यामागे शेदोनशे माणसांचं हसणं. वर केंद्राचं नाव. बशी काढली तर चहातून वाफ येत होती. तो तुकडा पुढे चार हंगाम वाजला. बाजारात कोणी उगाच घाई करायला लागला की लोक म्हणायचे, बसा खाली, रेडिओचा हाय. कारखान्याच्या साहेबांनी स्वतः फोन करून त्याची कॉपी मागितली, आणि सरांनी ती देताना जो भाव खाल्ला तो बघण्यासारखा होता.

शेवटची भेट, ते जायच्या थोडेच दिवस आधीची, कामातच झाली. जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्यानगर झालं, तेव्हा जुनं नाव असलेले आमचे सगळेच तुकडे हळूहळू नवे करायचे होते. उरलेले सगळे एका दिवसात उरकायचे असं काकांनी ठरवलं. सकाळी आठला बसलो ते दिवेलागणीला उठलो. माझ्या घशाचं पार खोबरं झालं, ते मला खडीसाखर देत राहिले आणि काम सोडेनात. मध्येच छातीवर हात फिरवत होते. मी विचारलं तर म्हणाले, पित्त. मी त्यावर विश्वास ठेवला... कारण मलाही थांबायचं नव्हतं. दोघांनाही चेव चढला होता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पाच आठवडे माझा तुकडा अडला होता तो मुळात इथे. काम सुरू केलं की तो छातीवर फिरणारा हात दिसायचा.

दुसरी अडचण साधी होती. काकांचा आवाजच आमच्याकडे नव्हता. अकरा वर्षांत या माणसाने सगळ्या जिल्ह्याला बोलतं केलं, शेळ्यांना केलं, किटल्यांना केलं, पण स्वतः एकदाही माईकसमोर आला नाही. म्हणायचा, माझा आवाज टेम्पोच्या भोंग्यातनं लोकांनी लई ऐकलाय. वाढदिवसाच्या आदल्या दुपारी मी शेवटचा उपाय म्हणून कच्ची रेकॉर्डिंग उघडली, कापायच्या आधीची, त्या शेवटच्या दिवसाची. आणि पहिल्याच फाइलच्या सुरुवातीला, माझ्या बोलण्याच्या आधी, ते होते. "तीन... दोन..." दुसऱ्या फाइलमध्ये तेच. तिसऱ्यात तेच. मला रेकॉर्डिंगला सुरुवात करून देताना ते मोजायचे, आणि 'एक' कधी तोंडाने म्हणायचे नाहीत, नुसतं बोट दाखवायचे, म्हणजे त्यांचा आवाज माझ्या पहिल्या शब्दावर येऊ नये. कापताना तेवढा भाग आम्ही रोज टाकून देत होतो. मी त्या फायली ऐकत गेले आणि रडले, पोटभर रडले. थकलेला नव्हता हो तो आवाज. प्रत्येक वेळी असा, की आता काहीतरी भारी होणार आहे.

तुकडा मग झटक्यात झाला. काकांचं "तीन... दोन...", एक सेकंद काहीच नाही, आणि थेट दिवसाचं प्रसारण. सर ऐकून म्हणाले, तो रिकामा सेकंद काढ, लोकांना वाटेल रेडिओ बिघडला. मी म्हटलं, काढायचा असेल तर मलाही काढा. सर म्हणाले, "भास्करच बोलतोय तुझ्यातून. ठेव."

सकाळी सहाला तो वाजला. दहा मिनिटांनी काकूंचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा फोन आला. त्यांना न विचारता मी हे केलं होतं. "काकू, चुकलं का माझं?" मी विचारलं.

"न्हाई गं बाई," काकू म्हणाल्या. "त्यांचं गुडगं लई दुखायचं. खाली बसलं की उठवायचं न्हाई. मंग हात वर करून म्हनायचे, तीन, दोन... आन् एक मी म्हनायचे, आन् वडून उभं करायचे. रोजचं हुतं आमचं. आज मी परातीत पीठ मळीत हुते. रेडिओत ते 'दोन' म्हनले... माझ्या तोंडातनं 'एक' निगालं गं. आन् पिठाचा हात मी तसाच फुडं केला."