थांबायला विसरलेल्या टेस्ट

“सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत मॅडम, अब क्या रोकना है?” महेशसरांनी दारातूनच विचारलं. उल्हासनगरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे ते मालक. टेस्ट म्हणजे आमचा कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम; पास झाल्या की हिरव्या, नापास झाल्या की लाल. सगळ्या पास झाल्या की सगळ्यांना दाल-पक्वान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, ही सरांची पद्धत. त्या सकाळी पुडे टेबलावर येऊनही पडले होते.

काम बदलापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं होतं. रक्तात काही धोक्याचं निघालं की आमच्या सॉफ्टवेअरनं डॉक्टरांना लगेच मेसेज पाठवायचा. संध्याकाळी ते सुरू व्हायचं होतं. मी माझ्याच फोनवर मेसेज मागवून पाहत होते. टेस्ट म्हणत होती गेला. फोन मात्र गप्प.

मी लिंटर चालवला. लिंटर म्हणजे कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवणारा प्रोग्राम. त्यालाही काही सापडेना. फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीत लिंटरला ‘इथे बघू नकोस’ अशी सूचना. प्रत्येक फाइलमध्ये तीच. आमच्याकडे नवी टेस्ट कोणी लिहीत नाही, जुनीची कॉपी मारतात. ही ओळही तशीच वारशानं आलेली.

सगळीकडची ती ओळ काढून लिंटर पुन्हा चालवला आणि स्क्रीन लाल झाली. जिकडेतिकडे ‘अवेट’ लिहायचा राहिला होता. अवेट म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब. मेसेज जायला वेळ लागतो. अवेट नसेल तर टेस्ट उत्तर न ऐकताच स्वतःला पास करून मोकळी होते.

“रिलीज के बाद देखते हैं ना,” सर म्हणाले. “लॅबवाल्यांना शब्द दिलाय मी.”

मला भांडायचाही कंटाळा आला होता, म्हणून सरळ सांगितलं.

“सर, माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत. त्यांचं रक्त त्याच लॅबमध्ये जातं. पोटॅशियम वाढलं आणि मेसेज गेला नाही, तर मी घरी काय सांगू?”

सर खुर्चीत बसले. मग स्वतःच लॅबला फोन लावून म्हणाले, “आज नाही होणार. चूक आमची आहे.”

अवेट घातल्यावर निम्म्या टेस्ट नापास झाल्या. मेसेज पाठवणारा भाग मुळातच बिघडलेला होता. तो दुरुस्त करता करता आठवडा गेला. पक्वान केव्हाच मऊ पडलं होतं.

मगच ते लॅबमध्ये सुरू झालं. पुढे एका दुपारी सासूबाईंच्या डॉक्टरांचा फोन आला. “आईंना लगेच घेऊन या, पोटॅशियम वाढलंय. लॅबचा मेसेज आत्ताच आला.” मी रिक्षा करून त्यांना तशीच घेऊन गेले. सासूबाई वाचल्या. घरी येऊन चहा पाणचट झालाय म्हणाल्या.

हल्ली मी हिरव्या टेस्टवर विश्वास ठेवत नाही. आधी मुद्दाम कोड मोडते आणि ती लाल होते का बघते. होत नसेल, तर ती टेस्ट नव्हे, होयबा आहे.