मानकरची सायकल आणि माझा पक्का दवाखाना

चार म्हातारे कंपाउंडर एकत्र बसले की औषधांबद्दल कोणीच बोलत नाही. बोलणं होतं ते रोग्यांबद्दल, साहेबांबद्दल आणि जो त्या दिवशी आलेला नसतो त्या कंपाउंडरबद्दल! तीस वर्षं मिक्स्चर ढवळलं की असले किस्से तळाशी साचत जातात. माझ्याकडचे निम्मे मानकरचे आहेत. ते सांगताना अजूनही माझ्या पोटात दुखतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. आमचे डॉक्टर सबनीस परदेशातून शिकून नुकतेच आले होते आणि येताना डोक्यात एक प्रयोग घेऊन आले होते. औषध तेच, डॉक्टर तेच. पण रोग्यानं दवाखान्यात यावं, की दवाखान्यानं रोग्याच्या घरी जावं? कशानं माणसं लवकर बरी होतात आणि कशानं औषध कमी वाया जातं, ते त्यांना वर्षभर मोजून पाहायचं होतं. वणा नदीच्या अलीकडच्या गावांसाठी माझा पक्का दवाखाना. पलीकडच्या गावांसाठी मानकर, एक औषधांची पेटी आणि एक नवी कोरी सायकल!

वर्षअखेर ज्याचं काम सरस ठरेल तो नव्या केंद्राचा हेड कंपाउंडर होणार, असं साहेबांनी सांगितलं. मी मानकरपेक्षा सहा वर्षांनी सीनियर. ती खुर्ची माझीच, असं मी घरी, शेजारी आणि न्हाव्याकडेसुद्धा सांगून ठेवलं होतं.

*

गंमत म्हणजे मानकरला सायकल चालवताच येत नव्हती! मला येत होती. मी साहेबांना तसं सुचवूनही पाहिलं.

साहेब म्हणाले, "भोयर, तुम्ही सीनियर आहात. तुम्हाला इमारत दिली आहे."

आता इमारतीवर बसून हिंगणघाटच्या बाजाराला जाता येतं का? पण बोलणार कोणाला?

पहिल्या दिवशी मी मुद्दाम नदी ओलांडून बघायला गेलो. मानकर पडला. उठला, टांग मारली, पुन्हा पडला. कापसाच्या बैलबंड्या थांबवून लोक हसत होते. मला इतकं बरं वाटलं की दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी साहेबांसमोर मी हळूच विषय काढला. "साहेब, मानकर आज सात ठिकाणी पडला म्हणतात."

मानकरनं मान खाली घातली. "हो साहेब. पर जेथं पडलो तेथल्या लोकायनं घरात नेलं, पाणी पाजलं. मंग बसल्या बसल्या त्यायच्या घरचं दुखनंखुपनं लिहून आनलं. सातही घरचं!"

साहेब ते कागद वाचत बसले. माझ्याकडे त्या दिवशी तीन माणसं आली होती. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

*

मग आली कार्डं. प्रत्येक रोग्याला एक कार्ड द्यायचं. बरा झाला की त्यानं ते दवाखान्यात परत आणून द्यायचं. परत आलेली कार्डं मोजली की किती बरे झाले ते कळणार. पद्धत कशी सरळ!

दोन महिन्यांत माझ्याकडे कार्डच परत येईना. साहेब काळजीत पडले. "भोयर, तुमच्याकडे माणसं बरी होतच नाहीत की काय?"

माझ्या अंगाची आग झाली. मी तडक गणपतबुवांच्या घरी गेलो. बुवांना हिवताप होता, आणि आता ते अंगणात दोरी वळत बसले होते. कार्ड देवाजवळ ठेवलेलं, वर हळदकुंकू!

"बुवा, ताप गेला ना?"

"कवाचाच गेला."

"मंग कार्ड काऊन नाई आनून देल्लं?"

"वा रे भाऊ! त्या कागदानंच तं गेला. वापस देल्ला अन् ताप वापस आला, तं तू झोपशीन काय माह्या खाटेवर?"

पुढच्या दोन घरी तीच तऱ्हा. एका बाईनं तर कार्ड बाळाच्या पाळण्याला बांधलं होतं. म्हणजे माझे रोगी जितके ठणठणीत, तितके ते साहेबांच्या वहीत आजारी!

मानकरला ही भानगडच नव्हती. तो घरी जायचा, रोगी वावरात गेलाय असं कळलं की वावरात जायचा, त्याला तण निंदताना पाहायचा आणि 'बरा' असं लिहून कार्ड खिशात घालून आणायचा. मी साहेबांकडे रीतसर तक्रार केली. "हे बरोबर नाही साहेब. हा तर डोळ्यांनी पाहून लिहितो!"

साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग भोयर, कशानं पाहून लिहायचं?"

*

पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांनी माझ्या टेबलावर एक घड्याळ आणून ठेवलं. रोगी किती वेळ थांबला आणि कंपाउंडरशी किती वेळ बोलला, दोन्ही लिहायचं. म्हटलं, आता आपला दिवस आला! हाताचा वेग हीच तर माझी कमाई होती. रोगी दारात दिसला की मी बाटली मागायचो, भरायचो, डोसाची पट्टी चिकटवायचो आणि "चला, पुढचा!" पहिल्याचं बूड बाकावरून उठायच्या आत दुसऱ्याची बाटली माझ्या हातात!

महिन्यानं साहेब आले. मी वही पुढे सरकवली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. वहीत एक रकाना होता, 'रोगी काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत'. साहेबांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं.

"भोयर, हा रकाना रिकामाच आहे."

मी अभिमानानं सांगितलं, "साहेब, माझ्याकडे रोग्याला बोलावंच लागत नाही!"

साहेबांनी वही मिटली. मग ते घड्याळ उचलून घेऊन गेले. मला वाटलं, पैज जिंकल्यामुळे नेलं असेल.

*

मानकरची वही याच्या अगदी उलट. त्याचा तो रकाना भरून समासात उतरायचा, समासातून मागच्या पानावर जायचा. कोणाची म्हैस आटली, कोणाचा जावई रुसला, सगळं त्यात! आणि लोक त्याला काय काय द्यायचे! वांगी, अंबाडी, ओल्या शेंगा, थंडीत हुरडा. त्याच्या सायकलच्या हँडलला पिशवी नाही असा दिवस मी पाहिला नाही. मला कोणी कधी लिंबूसुद्धा दिलं नाही. मी काय कमी लोकांचे ताप उतरवले होते?

शेवटी माझी जीभ घसरली. हिंगणघाटच्या बाजारात पलीकडच्या गावच्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. मी मोठ्या कळकळीनं म्हणालो, "माय, तो मानकर औषधात पाणी मिसयते बरं! जरा जपून."

वाटलं, आठ दिवसांत त्याचा धंदा बसेल. आठ दिवसांनी माझ्याच गावचे चार जण नदी ओलांडून त्याच्याकडे गेले! मी त्यातल्या एकाला अडवलं. "अबे, माह्या दवाखान्यात काय वाईट हाय?"

तो म्हणाला, "वाईट नाई जी. पर तुमचं औषध लय कडू. त्या मानकरभाऊच्या औषधात पाणी रायते म्हनते, म्हनून पोटाले बाधत नाई!"

हा किस्सा मी मानकरला कधी सांगितला नाही. तुम्हीही सांगू नका.

*

आणि मग वर्धेची मीटिंग. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मानकर, मध्ये साहेब आणि कार्डांचे दोन गठ्ठे. वर नागपूरचे दोन मोठे अधिकारी. हेड कंपाउंडर कोण, ते त्याच दिवशी ठरायचं होतं. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. मानकरच्या पायजम्याला सायकलच्या साखळीचं ग्रीस लागलेलं होतं. ते पाहून मला धीर आला.

साहेब म्हणाले, "नावं वाचायची नाहीत, हा आपला नियम आहे. पण हे एक कार्ड मला ऐकवायचं आहे. बाई आहे. राहते नदीच्या अलीकडे, भोयरांच्या भागात. औषध घेतलं मानकरांकडून. दोन महिने कोरडा खोकला होता." मग त्यांनी कार्डामागे लिहिलेले तिचे शब्द जसेच्या तसे वाचले. "'आमच्या इकडल्या कंपोंडरले दोन डाव सांगतलं. तो हो हो म्हनते अन् दुसरंच बोलते. तिसऱ्या डाव सांगाची मलेच लाज वाटली.'"

नागपूरचे अधिकारी माझ्याकडे पाहू लागले. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. दोन महिने खोकणारी बाई माझ्या दवाखान्यात दोनदा आली आणि मला आठवत नाही? मी, ज्याला प्रत्येकाची बाटली ओळखू येते? मी उठून उभा राहिलो.

"साहेब, हे कार्ड खोटं आहे! असं कोणी आलंच नाही माझ्याकडे. यानं घरी बसून लिहिलंय. नाव दाखवा!"

मानकर घाबरा झाला. "राहू द्या ना साहेब. नाव नका दाखवू. ते कार्ड मोजूच नका पाह्यजे तं."

"पाहा!" मी टेबलावर हात आपटला. "चोराच्या मनात चांदणं! आता तर नाव पाहिजेच."

साहेबांनी मानकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड माझ्यासमोर सरकवलं.

मानकरचं अक्षर मोठं सुवाच्य होतं. सौ. कौसल्या भोयर, वय तीस. राखीला माहेरी आली असताना.

"ओळखीची आहे का बाई?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "कार्ड खरं आहे."

त्यानंतर मीटिंगमध्ये काय झालं ते मला धड आठवत नाही. मानकर दारापर्यंत माझ्यामागे आला होता. "दादा, मले खरंच मालूम नव्हतं साहेब हेच कार्ड वाचतीन म्हनून," असं काहीतरी म्हणत होता. मी मोटारीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा कौसल्या चुलीपुढे भाकरी थापत होती. मी कोटसुद्धा काढला नाही. तिथंच पाटावर बसलो.

"तुहा खोकला कसा हाय?"

तिचा हात थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"खोकला?" ती म्हणाली. "अवो, तो तं बैलपोयाच्या आंधीच गेला."