शटरची फट
थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की त्यावरची धूळ जळाल्याचा वास येतो आणि मला अमिरातीतल्या खोर फक्कानच्या घराचं गॅरेज आठवतं. रिटायर झाल्यावर अब्बा तिथे बसून लाकडाची छोटी गलबतं कोरायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्या हातातली पटाशी थरथरायला लागली. "डोंगरावरचा वारा शटरमधून आत येतो बेटा, बोटं गारठतात," ते म्हणाले. तिथली घरं उकाडा बाहेर ठेवायला बांधलेली, एसीसुद्धा नुसता गार करणारा. मग मी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल शटरला आतून चिकटवलं, फटींवर टेप मारली, हीटर आणला. "खलास अब्बा, झालं काम! आता येऊ दे वारा!" तासाभरात गॅरेज भट्टीसारखं तापलं. अब्बांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पटाशी तशीच थरथरत होती. गलबताची डोलकाठी कटकन मोडली. त्यांनी हाताकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "कुठेतरी फट राहिलीय, बघ," एवढंच म्हणाले. मी गुडघ्यांवर बसले आणि बुजलेल्या फटींवर पुन्हा टेप लावत राहिले. आता अब्बांना घास मी भरवते आणि तरी दर हिवाळ्यात, त्यांनी काही म्हणायच्या आत, खिडकीला टेप लावते.