अपत्ये दोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला आणि थोरल्या दिरांना माहीत आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही — आणि जिच्यापाशी बोलता आलं असतं, ती माझी थोरली जाऊ गेल्या महिन्यात वारली.

मी डोळखांबकडच्या एका गावची पाच वर्षं सरपंच होते. धरण इतकं जवळ, पाणी मुंबईला, आणि आमच्या बाया हंडे घेऊन टेकाड चढायच्या. माझ्या काळात नळ आला. लोक अजून नाव काढतात — काढावं का त्यांनी?

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा मला दोन मुलगे होते, आणि पुन्हा दिवस गेले होते. दोनाहून जास्त मुलं असली की उभं राहता येत नाही. नवऱ्यावर ढकलता येईल, पण खरं सांगते — खुर्ची मलाच हवी होती. जाऊबाईंना मूल नव्हतं. दीर भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत. बाळंतपण तिकडेच झालं, मुलगी त्यांच्या नावावर लागली. चाळीस दिवस पाजलं, मग छाती बांधून घेतली आणि अर्जावर लिहून दिलं — अपत्ये दोन.

आशू मला काकू म्हणते.

ग्रामसभेत मी पाड्यावरच्या बायांना सांगायचे, पोरं कमी करा, तरच घर वर येईल. एकदा एक म्हातारी उठली. “बाय, हायेत ती जगतील असं लिहून दे, मंग आमच्या सुना थांबतील.” जाऊबाईंबरोबर गावी आलेली चार वर्षांची आशू तेव्हा माझ्या पायाशी खेळत होती.

मुदत संपली. मग कशाची भीती? इतकी वर्षं गप्प राहिले ती कुठल्या नियमाने? — कुठल्याच नाही. तिचा चेहरा कसा होईल, ते बघायची हिंमत नव्हती. आजारात जाऊबाई म्हणाल्या होत्या, “सांग गो तिला आता.” मी हो म्हटलं होतं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. दिरांनी हात जोडून सांगितलं, आशूला शिकवीन. माझा नवरा म्हणाला, तिचं लग्न मी लावून देईन. कावळे झाडावर बसून होते. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं — एक वाक्य. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला.

आशू माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. “काकू, आईचं काय राहिलं गो?”

मी म्हणाले, “कुणास ठाऊक, बाळा.”