मुग्धाच्या दगडांकडे

शनिवारी सकाळी ॲडम्सटाउनमधल्या तिच्या घरून निघताना मुग्धाने माझ्यासाठी रबरी बूट गाडीत आधीच ठेवले होते. "तिकडे चिखल असतो गं," ती म्हणाली. बूट बरोबर मापाचे निघाले. माझ्या पायाचं माप तिला अजून आठवत होतं, आणि मला त्याचाही राग आला.

पुण्यात आम्ही पुरातत्त्वाचं एम.ए. एकत्र केलं. आयर्लंडमधल्या पीएच.डी.साठी दोघींनाही प्रवेश मिळाला होता. माझ्या घरचे नको म्हणाले, मी हट्ट धरला नाही. नागपुरात बँकेत लागले. मुग्धा तिकडे गेली, आणि गेली बारा वर्षं प्राचीन थडग्यांमधल्या कोरीवकामाची नोंद करते आहे. तिने इतक्यांदा बोलावलं, तेव्हा कुठे मी रजा काढून गेले.

मोटरवे सुटल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे काटेरी झुडपांची कुंपणं, मध्येच एखादा ट्रॅक्टर. थडग्याची किल्ली नोरीन नावाच्या शेतकरीणबाईंकडे असते. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवून चहा आणि सोडा ब्रेड (यीस्टशिवायचा जाडसर पाव) दिला, वर भरपूर लोणी. मी दुसरा तुकडाही घेतला.

"तुम्हीही दगडांचंच काम करता का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मी बँकेत आहे."

"ग्रँड," त्या म्हणाल्या. (तिकडे ग्रँड म्हणजे छान, ठीक, असू द्या, काहीही.) मग मुग्धाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिला आमच्या टेकडीवरचा एकेक दगड ठाऊक आहे. आमच्यापेक्षा जास्त."

मी कपातल्या चहाकडे पाहत राहिले. कॉलेजात हीच मुग्धा माझ्या वहीवरून निबंध उतरवायची.

मेंढ्यांच्या कुरणातून चढून आम्ही वर पोचलो. गवताने झाकलेला दगडांचा प्रचंड ढीग, म्हणजे कॅर्न. त्याच्या पोटात पाच हजार वर्षांपूर्वीची दफनाची खोली. लोखंडी दार उघडून, वाकून, अंग तिरकं करत आत शिरलो. बोळ संपल्यावर एकदम ताठ उभं राहता आलं. चुन्याशिवाय एकावर एक पुढे सरकवलेल्या शिळांचं छत डोक्यावर मिटत गेलं होतं. ओल्या मातीचा वास. भिंतींवर सर्पिलं, नागमोडी रेघा. मुग्धा प्रत्येक खूण बोटाने हवेत गिरवून सांगत होती, आणि सांगायचीही फार सुंदर.

ती कॅमेऱ्याची पिशवी आणायला बाहेर गेली. मी उजवीकडच्या कोनाड्यात उकिडवी बसले, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरका धरला. अगदी खाली, जमिनीलगत, टोचे मारून केलेलं एक पुसट वर्तुळ दिसलं. त्याच्याबद्दल ती काहीच बोलली नव्हती. तिला ते माहीत नसणार! ती परत आली तेव्हा मी टॉर्च विझवून उभी होते. एक अक्षर बोलले नाही.

उतरताना मी घसरून थेट मेंढ्यांच्या लेंड्यांत बसले. मुग्धाने हात देऊन उठवलं, स्वतःच्या रुमालाने माझा कोट पुसला, नोरीनबाईंच्या नळावर तो रुमाल धुतला. किल्ली परत देऊन गाडीत बसल्यावर मला राहवेना.

"मुग्धा, उजवीकडच्या कोनाड्यात, खाली... एक वर्तुळ आहे."

तिने गाडी सुरूच केली नाही. "तुला दिसलं? ते नोंदलंय गं. पण मला ते चौथ्या वर्षी सापडलं, आणि तुला दहा मिनिटांत!"

ती मनापासून खूश झाली होती. मी तोंड खिडकीकडे वळवलं. वर्तुळ माझं नव्हतं याचं वाईट वाटलंच. पण मी या कामात किती चांगली झाले असते हे तिच्याच तोंडून ऐकणं सोसवेना.

नागपूरला परतून पंधरा दिवस झाले. बँकेत विचारतात, काय पाहिलंस? हिरवंगार आहे, पाऊस फार, माणसं गोड, असं सांगते. मुग्धाला सगळं नशिबाने मिळालं, असं मी बारा वर्षं म्हणत आले. ते आता म्हणवत नाही. तिचा हेवा अजूनही तेवढाच वाटतो. राग मात्र येतो तो, घरच्यांनी नको म्हटल्यावर "बरं" म्हणून मुकाट्याने जेवायला बसलेल्या मुलीचा.