पाहुणीसाठी सारवलेली फरशी

गडमुडशिंगीत, उसाच्या शेतांना लागून शांतव्वाचं घर होतं. लग्नाआधी ती आजऱ्यात काजू फोडायची. बोटं तेलानं काळवंडली ती तशीच राहिली. नवरा गेल्यावर शेजारची एक एकटी म्हातारी तिच्याकडं राहायला आली. मग दुसरी आली, तिसरा आला. २००९ सालापर्यंत घरात सात जण झाले. त्याला वृद्धाश्रम म्हणावं हे शांतव्वाच्या डोक्यातही आलं नाही. उचलायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. एवढं झाल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे.

एक दिवस सरकारी माणूस सांगून गेला की असं घर चालवायचं तर परवानगी लागेल. जमीन मातीची नको, धुता येईल अशी हवी. तपासणीत बसलं नाही तर माणसं हलवावी लागतील. बाकीच्यांना कुणी ना कुणी नेलं असतं. त्यातल्या बाळाबाईला मात्र जायला जागाच नव्हती; एकच लेक, तीही सासरी. शांतव्वानं माती खणून काढली, मुरूम ठोकला, गवंड्याच्या हाताखाली राबून सगळ्या खोल्यांत शहाबादी फरशी घातली.

तपासणीच्या सकाळी दाट धुकं होतं. गुऱ्हाळाची गोड वाफ त्यात मिसळून दारापर्यंत आली होती. ऊस कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. दूध घेऊन आलेली शांतव्वा उंबऱ्यातच थबकली. फरशी दिसेना. तिच्या जागी हिरवट, ओली, सारवलेली जमीन होती.

बाळाबाई कोपऱ्यात बसून शेवटचा हात फिरवत होती. शेण शेजारच्या गोठ्यातलं. अर्धगोलाला अर्धगोल लागलेला, कुठं गाठ नाही, कुठं उघडी जागा नाही. इतकं सारखं काम शांतव्वानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाळाबाई, काय केलंसा हे?"

"पावणं येणार हाईत म्हणालीस की काल. हौसाला बघाय येत्यात न्हवं? तसल्या थंड दगडावर बसवतीस व्हय त्यास्नी?"

सोप्यातून घरातलाच एक म्हातारा, ज्ञानूआबा, बोलला, "हिची लेक हौसा आज्जी झाली. ही अजून स्थळं बघतीया."

"तू गप ज्ञानू. तुला कोण पसंत करीना म्हणून जळतोस."

शांतव्वानं बादली भरली. पण तोवर धुक्यातून जीप येऊन उभी राहिली आणि तपासणीस अनुजा मॅडम उतरल्या. चपला काढून आत येणार, तोच बाळाबाईनं हात आडवा केला.

"ओलं हाय. वाळू द्या."

मॅडम दारातच थांबल्या. "शांताबाई, अर्जात फरशी लिहिली होती."

"खाली हाय की मॅडम. ह्यांनी सकाळी सारवलं."

"मला दिसायला हवी. सगळ्या खोल्यांतली. ज्यांना उठता येत नाही त्यांच्या जखमांना शेणानं त्रास होतो. मी असं पास नाही करू शकत."

त्यांचं खरं होतं. शांतव्वाच्या हातात बादली होती, पण पाणी ओतायला हात उचलेना. बाळाबाई मॅडमकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत धुकं शिरल्यासारखं झालं होतं आणि त्यापलीकडं कुठंतरी एक पोरगी पोह्यांची बशी घेऊन उभी होती.

"पसंत हाय का पोरगी?" तिनं विचारलं.

मॅडमनी शांतव्वाकडं पाहिलं, मग ज्ञानूआबाकडं. आबानं मान खाली घातली.

"पसंत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आजी, आमच्याकडं फरशी धुतलेली लागते."

बाळाबाईनं थोडा विचार केला. "तुमची रीत असंल तर तसं," ती म्हणाली आणि कोपऱ्यातला खराटा तिनं स्वतः घेतला.

शांतव्वा पाणी ओतत गेली, बाळाबाई लोटत गेली. हिरवा रंग मोरीकडं वाहत निघाला. खालची निळसर फरशी हळूहळू वर आली, जशी उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीचा तळ दिसतो. मॅडम पदर खोचून दारात उभ्या होत्या. सगळ्या खोल्या धुवून होईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

परवानगी मिळाली. खाली एक अट होती: राहत्या खोल्या शेणानं सारवू नयेत.

अट लिहायला एक ओळ पुरली. पण बाळाबाई ती रात्रीतून विसरायची. रोज पहाटे ती शेण घेऊन आत यायची, आणि शांतव्वा तिचं मनगट धरून तिला परड्यात न्यायची. पाहुणे आज मागच्या दारानं येणार आहेत, असं सांगायची. परडं सारवून होईपर्यंत तिच्याजवळ बसायची. मग चुलीला उशीर व्हायचा. सगळ्यांचा चहा मागं पडायचा. त्याबद्दल ज्ञानूआबासुद्धा कधी बोलला नाही.