कल्पना पुढं का शिकली

चांदे गावची कल्पना २००६ साली बी.एस.डब्ल्यू. झाली. घरातली पहिली पदवीधर, तीही समाजकार्यातली. वडील दादासाहेब पेढे वाटत गावभर फिरले, पण पोरगी नेमकी काय झाली असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "समाजाचं काय तरी हाय." पौडच्या एका संस्थेत तिला लगेच नोकरी लागली. जमिनी विकलेल्या घरांतल्या बायकांना भेटायचं, त्यांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणायची, त्यांचे बचत गट बांधायचे.

त्यातलंच पुढचं एम.एस.डब्ल्यू. करावं की नाही, हे मात्र तिचं ठरेना. कॉलेजातल्या नलिनी मॅडम म्हणायच्या, "आता थांबलीस की थांबलीस." संस्थेचे नरहरी सर म्हणायचे, "कामच शिकवतं. परत वर्गात बसून काय करणार?" तिला दोघांचंही पटायचं. अशात प्रवेशाची मुदत एकदा टळून गेली.

त्या वर्षी गावात चंद्राबाईंचा विषय होता. त्यांच्या भातखाचरांवर आयटी कंपनीची काचेची इमारत उभी राहिली होती, आणि सत्तरीची ही बाई रोज सकाळी कंपनीच्या फाटकासमोर लिंबाखाली जाऊन बसायची. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गाव म्हणायचं. नरहरी सरांनी एका सभेत तिचं उदाहरण दिलं: जमीन सुटते, पण जीव सुटत नाही. कल्पनालाही ते पटलं होतं. म्हातारीचं मन हलकं करावं म्हणून एक दिवस ती शेजारी जाऊन बसली.

"आत्या, रानाची लई आठवण येती ना?"

"व्हय."

"जीव तुटतो ना?"

"व्हय." चंद्राबाईंची नजर बसमधून उतरणाऱ्या मुलींवर होती.

पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून कल्पनानं विचारलं, "काय बघताय?"

चंद्राबाई एकदम तिच्याकडं वळल्या. "ह्या पोरी. सकाळी चकाचक आत जात्यात, सांजच्याला तशाच चकाचक भायेर. हाताला माती न्हाई, कपड्याला डाग न्हाई. आत करत्यात काय गं? कुणाला इचारलं तर हासत्यात."

"आन् रान?"

"ग्येलं त्ये ग्येलं. त्याला किती दिस बघायचं?"

कल्पना चपापली. आपण प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं आणि म्हातारीनं फक्त मान डोलावली होती. मग इतक्या घरांतून आपण जे 'व्हय' गोळा करून आणलं, त्याचं काय?

कल्पनाच्या घरी जान्हवी नावाची लातूरची मुलगी भाड्यानं राहायची. ती त्याच कंपनीत होती. घरच्यांना कंपनी दाखवायचा दिवस आला, तेव्हा तिनं चंद्राबाईंना आपली आजी म्हणून आत नेलं. कल्पनाही बरोबर गेली. चंद्राबाई सगळीकडं बारकाईनं बघत होत्या.

"काम चुकलं तर रागावतं कोण?"

"अमेरिकेतला साहेब. फोनवर."

"त्येला तू दिसत न्हाईस?"

"नाही."

"मग बरंय की!" चंद्राबाई मनापासून हसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दिसभर कुणीच कुणाशी बोलत न्हाई व्हय गं? आवणीला भाताची रोपं लावताना आमच्या तोंडाला इसावा नसायचा."

दुसऱ्या दिवसापासून चंद्राबाई फाटकाकडं फिरकल्या नाहीत.

सगळ्या घरांत परत जाऊन नव्यानं विचारू या, असं कल्पनानं नरहरी सरांना सुचवलं. "नव्यानं म्हणजे कसं?" त्यांनी सरळच विचारलं. तिला सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात ती नलिनी मॅडमकडं गेली.

प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, "पुढं का शिकायचंय?"

"मला प्रश्न विचारता येत नाहीत," ती म्हणाली. समोरचे हसले, आणि मग चंद्राबाईंची हकिगत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

२००८ साली ती पुण्याला हॉस्टेलवर निघाली. दादासाहेब बॅग उचलताना म्हणाले, "आता काय शिकायचं राह्यलं?"

"इचारायला."

"त्येला कालेज लागतंय?"

"मला लागतंय, आण्णा."

अभ्यासासाठी ती चांदे आणि शेजारच्या नांदे गावातल्या त्याच घरांत परत गेली. एका मोठ्या बंगल्यात तुळजाबाई भेटल्या. कल्पनानं दिवस कसा जातो एवढंच विचारलं आणि गप्प बसली. तुळजाबाईंनी चहा केला, टीव्हीचा आवाज कमी केला, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं.

"दर आषाढात मी ताम्हिणीला भैनीकडं आवणीला जाती," त्या हळूच म्हणाल्या. "घरी सांगती, देवाला चाललीया. बंगल्याची मालकीण चिखलात उतरल्याली पोरांना न्हाई खपायचं."

कल्पनानं पेन खाली ठेवलं आणि ती नुसती ऐकू लागली.